आठ मापट्यांची पायली

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळपासून सतरा जण आमच्या केबल ऑफिसच्या काउंटरवर येऊन ओरडून गेले! सगळ्यांचं एकच — "शंभरचा प्लॅन घेतला, डाउनलोडला मोबाईल बाराच दाखवतो. चोर आहात!" दिवाळीला हा इंटरनेटचा प्लॅन काढला तेव्हा शेठ केवढे खूश होते. पत्रकाचं मराठी मीच केलेलं. इंग्रजी मजकूर अगदीच रुक्ष, मी कसं सुटसुटीत केलं — "सेकंदाला १०० एमबी! डोळ्याची पापणी लवते न लवते तोच डाउनलोड!" अख्ख्या अंबरनाथमध्ये वाटलं.

आता शेठ म्हणतात, लाइनमन महेंद्रच जोडण्या नीट करत नाही. "पंद्रह तारीख तक कंप्लेंट बंद नहीं हुई, तो उसकी छुट्टी." चौदा वर्षं खांबांवर चढतोय बिचारा. पत्रक हातात घेऊन गप्प उभा राहिला. मला त्याचाच राग आला — तोंड उघड ना बाबा!

४ नोव्हेंबर

महेंद्रला विचारलं, खरं काय आहे? म्हणाला, "शालनताई, नेटचा वेग बिटमध्ये विकतात, मोबाईल बाईटमध्ये दाखवतो. आठ बिटांचा एक बाईट. आठने भागा." भागलं. साडेबारा. म्हणजे सगळं ठीकच चाललंय! पण गिऱ्हाइकांना सांगितलं तर म्हणतात, "आम्हाला गंडवू नका."

६ नोव्हेंबर

आज बनूबाई आल्या. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून तांदूळ आणून इथल्या बाजारात बसतात. नात कुळगावला राहून शिकते, तिच्या खोलीवर आमचंच नेट; बाराच दाखवतो म्हणून तिचा मोबाईल पदरात गुंडाळून आणलेला. महेंद्रने तेच बिट-बाईट सुरू केलं. म्हटलं, झालं! आता याही चोर म्हणणार. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग म्हणाल्या —

"म्हंजे तुमी मापट्यानी देताव न् ह्यो फोन पायलीनी मोजतंय. आठ मापट्यांची पायली. शंभर मापटी म्हंजे बारा पायल्या न् वर चार मापटी. बराबर हाय की!"

मी अजून कॅल्क्युलेटर शोधत होते! शाळेची पायरी न चढलेली बाई. पाया पडावंसं वाटलं, खरंच.

७ नोव्हेंबर

दिवसभर सगळ्यांना मापटं-पायलीच सांगितली. म्हाताऱ्यांना लगेच पटतं. पोरं विचारतात, "आंटी, पायली क्या होता है?"

१० नोव्हेंबर

बनूबाईंनी घरची मापं आणून दिली! सासूच्या वेळची, पत्र्याची, कडा झिजलेल्या. "पडूनच हायेत बाय. आता समदं किलोवर." काउंटरवर मांडली, शेजारी तांदळाची पिशवी. महेंद्र एकेक मापटं ओततो, गिऱ्हाईक मोजतं — आठव्याला पायली काठोकाठ. भांडायला आलेला माणूस हसत जातो. दिवसभरात तक्रारी फक्त तीन. महेंद्रला असं मोकळं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. आणि हे सगळं कुणामुळे? बाजारात गोणपाटावर बसणाऱ्या एका बाईमुळे!

१३ नोव्हेंबर

तक्रारी — शून्य! शेठ म्हणाले, "चलो, महेंद्र बच गया." मी सगळ्यांना पेढे दिले.

१४ नोव्हेंबर

बनूबाई मापं न्यायला आल्या. जाता जाता पत्रकावर बोट ठेवलं. "ह्यावर काय लिवलंय? मापटं का पायली?"

मी वाचून दाखवलं — शंभर एमबी. महेंद्र एकदम वायरी गुंडाळायला लागला. मी खोदून विचारलं तेव्हा बोलला. इंग्रजीत लहान बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाईट. कंपनीच्या इंग्रजी कागदावर लहान होता. मराठीत कुठला लहान आणि कुठला मोठा बी? आणि नुसतं एमबी म्हटलं की लोक बाईटच धरणार.

बनूबाईंना गंमत वाटली. "बी ल्हान का मोटं, त्ये पेरनाऱ्याला ठावं पायजे बाय."

म्हणजे लोक चुकले नव्हते. आम्ही शंभर पायल्या लिहून दिल्या होत्या. मी लिहून दिल्या होत्या.

१५ नोव्हेंबर

महेंद्रला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पत्रक हातात धरून शेठच्या शिव्या खाल्ल्या, पण माझं नाव घेतलं नाही. शेठच्या दाराबाहेर बसून हे लिहितेय. पत्रक पर्समध्ये आहे. पंधरा तारीख आता माझी.