पितृपंधरवड्यातली बॅटरी

७ सप्टेंबर, रविवार
उद्या राजेश्वरी इंदापूरला रुजू होणार. अकरा वर्षं इथं सांगवीत अंगणवाडी सेविका होती, आता मुख्यसेविका. बायकोला बढती मिळाली की नवरे खचतात म्हणे. मी खचलेलो नाही. तिनं सहज विचारलं, रोज जाऊन-येऊन जमंल का, का तिकडं ऑफिसातल्या सुकन्या मॅडमबरोबर खोली बघू? मी हसलो. रोज सकाळी मोटारसायकलवर बारामती स्टँडला सोडणार, तिथून साडेसातची एसटी. संध्याकाळी स्टँडवरून परत. खोली कशाला?
खरं म्हणजे सोळा वर्षांत माहेर सोडलं तर ती कुठं राहिलेली नाही, आणि ती नसली की मला घरात काही सुचत नाही. हे तिला बोललो नाही. खोलीची गरज नाही एवढंच बोललो.
गाडीचा हॉर्न घसा बसल्यासारखा वाजतोय. बॅटरी बदलायला आली. पण पितृपंधरवडा लागला. नवीन वस्तू घेणे नाही. ठराव: पंधरा दिवस अभ्यास, मग खरेदी. हायस्कूलमध्ये वीस वर्षं प्रयोगशाळा सहायक असलेला माणूस बॅटरी अंदाजे घेत नसतो.

८ सप्टेंबर, सोमवार
बटण दाबलं. टक. पुन्हा दाबलं. टक. गाडीला किक नाही. किक म्हणजे मागासलेपणा, असं घेताना मीच शोरूममध्ये म्हणालो होतो.
दुसरा गिअर टाकून बसलो. मागून राजेश्वरीनं आणि आईनं ढकललं. दूध डेअरीपाशी सुरू झाली. एसटी मिळाली. पद्धत यशस्वी.
इस्त्रीच्या साडीत धक्का मारताना पदर कसा खोचावा हे वाटेत तिला समजावलं. ती मागं बसून घड्याळ बघत होती. ऐकत असावी.

१० सप्टेंबर, बुधवार
तीन दिवसांत तीन धक्के. शाळेतलं मल्टिमीटर आणून मोजलं. १२.१ व्होल्ट. वहीत तक्ता आखला. काळजीचं कारण नाही.
आई म्हणाली, बॅटरी काय दागिना हाय व्हय? मोडलं की बदलायचं, त्यात पितरांचं काय आलं? मी म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे. वडील या पंधरवड्यात नवी चप्पलसुद्धा घालत नसत. आई म्हणाली, त्यास्नी चप्पलच नव्हती.
आईला तत्त्व कळत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
स्टाफरूममध्ये विषय काढला. अकरा शिक्षकांनी बारा मतं दिली. पाण्याची का सीलबंद? वॉरंटी दोन वर्षांची का चार? इतिहासाचे सर म्हणाले, जास्त अँपिअरची बसवा, हेडलाइट लांब जाईल. सगळं वहीत घेतलं. सहा पानं झाली.
शाळा सुटल्यावर बारामतीत बुद्धघोष बॅटरीवाल्यांकडं गेलो. ते म्हणाले, कंपनीनं जेवढ्या अँपिअरची दिलीया तेवढीच घ्या सर, बनावटीची तारीख बघा, वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या. झालं. आन् त्याआदी गाडी हितं आणा, बघू तरी काय झालंय.
माणूस चांगला वाटला. पण सल्ला एका मिनिटात दिला. एवढं सोपं असतं तर माझी सहा पानं कशी झाली असती? गाडी नेली नाही. अभ्यास अर्धवट असताना दुकानदाराच्या हातात गाडी देऊ नये.

१५ सप्टेंबर, सोमवार
डेअरीपर्यंत ढकलली, तिथून परत घरापर्यंत ढकलली. एसटी गेली. राजेश्वरीला पहिला लेटमार्क.
मी म्हणालो, एकानं काही होत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार
उपाय सापडला. उतार! सांगवीत उतार असा एकच, शेजारच्या बाजीराव तात्यांच्या गोठ्यामागचा. रोज गाडी त्या चढावर लावायची, सकाळी सोडून द्यायची. माणसाला ढकलावं लागणार नाही. एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली नव्हती.

१७ सप्टेंबर, बुधवार
उताराच्या शेवटी तात्यांचा शेणखताचा ढीग आहे. हे माहीत होतं, पण हिशेबात घेतलं नव्हतं.
दोघंही ठीक. साडी बदलण्यात वीस मिनिटं गेली. दुसरा लेटमार्क. तात्या म्हणाले, आवो सर, एक बॅटरी आणा की, का ढीग हलवू?

१८ सप्टेंबर, गुरुवार
आज मुळावरच घाव घातला. बॅटरी काढली. वरती छापलंय, ‘सीलबंद आहे, उघडू नये’. ही सूचना सामान्य लोकांसाठी असते. स्क्रूड्रायव्हरनं झाकण उचकटलं. आत कोरडं वाटलं. प्रयोगशाळेतून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर घातलं.
आतून फसफसल्याचा आवाज आला. बॅटरीत जीव आला असं वाटून मी आईलाही बोलावलं.
नंतर बाटली नीट बघितली. काचेची भांडी धुवायचं सोड्याचं पाणी निघालं. लेबल चुकीचं होतं. लेबलं मीच लावतो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
बॅटरी संपूर्ण गेली. आता धक्क्यालाही सुरू होत नाही. हॉर्नही नाही.
तात्यांनी राजेश्वरीला ट्रॅक्टरवरून माळेगावपर्यंत सोडलं. मडगार्डवर बसून गेली, एका हातात पर्स, एका हातात रजिस्टरं. तिसरा लेटमार्क. साहेबांनी लेखी खुलासा मागितला. ‘गाडी बंद पडली’ असं किती वेळा लिहायचं, म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
मला वाईट वाटलं. तक्त्यात त्याला रकाना नाही म्हणून इथं लिहितो. फार वाईट वाटलं.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री
पंधरवडा संपला. उद्या बॅटरी आणायला हरकत नाही. पण विचार केला, दसरा अकरा दिवसांवर आलाय. साडेतीन मुहूर्तांतला एक. इतकी वाट बघितली, आता घाई करून साध्या दिवशी आणायची?
आई म्हणाली, तवर सुनंनं काय उडत जायचं?
राजेश्वरी बॅग भरत होती. दोन-चार दिवस सुकन्या मॅडमकडं राहते म्हणाली. मी म्हणालो, रहा की, दगदग वाचेल. मला अभ्यासाला शांतता मिळावी हाही तिचा हेतू असणार. जाताना माझा शर्ट खुंटीवरून काढून घडी करून ठेवला. एवढी घाई असताना कशाला केली कोण जाणे.

२४ सप्टेंबर, बुधवार
चहा करायला गेलो, साखरेचा डबा सापडला नाही. आई सांगत नाही. आई माझ्याशी बोलत नाही.
राजेश्वरीचा फोन आला. सकाळी सातला उठते म्हणाली. चहा बसून पिते. चालत ऑफिसला जाते, साहेबांच्याही आधी पोचते. खूप दिवसांनी अशी हसत बोलली. मी बॅटरीबद्दल सांगायला लागलो तर म्हणाली, अहो, ठेवते आता, मीटिंग आहे.
दोन-चार दिवस म्हणाली होती. आज चौथा.

२७ सप्टेंबर, शनिवार
आली नाही. पोषण महिन्याचे कार्यक्रम आहेत म्हणे. दसऱ्याला येणार. तोवर गाडी दारात एका बटणात सुरू झालीच पाहिजे. तिला मागं बसवून इंदापूरपर्यंत नेतो, मग बघू खोलीचं काय होतं.
वही पूर्ण. निष्कर्ष: कंपनीनं दिलेल्या अँपिअरची, ताज्या तारखेची, शिक्क्याच्या वॉरंटी कार्डासह. घ्यायची बुद्धघोष यांच्याकडूनच. बावीस पानांचा अभ्यास वाया गेला नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा
सकाळी आठला तात्यांच्या ट्रॉलीत गाडी चढवून बारामती. राजेश्वरीची एसटी अकराला सांगवीत, तोवर परत येऊ असा हिशेब होता.
बुद्धघोष यांचं शटर बंद. पाटी: ‘धम्मचक्र प्रवर्तन दिनानिमित्त नागपूरला. दुकान शनिवारी उघडेल.’ दरवर्षी जातात म्हणे, सगळ्या बारामतीला माहीत आहे. माझ्या बावीस पानांत नव्हतं.
दुसरीकडं घेऊ म्हटलं तर दुकानांपुढं पूजेच्या गाड्यांची रांग. त्यात तात्यांना पाहुणे भेटले. ट्रॉली घेऊन ते माळेगावला जेवायला गेले, मी गाडीपाशी बसलो. घरी पोचायला पाच वाजले.
राजेश्वरी चारच्या गाडीनं परत गेली होती. उद्या ऑफिस. आईनं ताटाखाली झाकलेली पुरणपोळी दाखवली. राजेश्वरी माझ्या वहीवर आपट्याचं पान ठेवून गेली होती. मी तिला सोनं दिलंच नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार
पुन्हा ट्रॉली. बुद्धघोष यांनी दहा मिनिटांत नवी बॅटरी बसवली, चार्जिंग तपासलं, कार्डावर शिक्का मारला. मग म्हणाले, सर, टर्मिनल काळं पडलंय, म्हंजे नट आदीपास्नंच ढिल्ला हुता. पान्यानं एक पीळ दिला असता तर जुनी अजून वरीसभर गेली असती. पण हिच्यात हे काय ओतलंय कुणी?
मी म्हणालो, आधीच्या मेकॅनिकनं.
गाडी मस्त सुरू होते. वाटेत उगाच सात वेळा बंद करून चालू केली.

५ ऑक्टोबर, रविवार
सकाळीच इंदापूरला गेलो. पासष्ट किलोमीटर, कुठं अडली नाही.
दहा बाय बाराची खोली. खिडकीत तुळशीची कुंडी. राजेश्वरीनं पोहे केले. बरी दिसत होती, डोळ्यांखालचं काळं गेलंय. मी बॅटरीचं वॉरंटी कार्ड दाखवलं. तिनं सगळं वाचलं. मग म्हणाली, चांगली आणलीत. आता आईंना दवाखान्यात न्यायला बरं पडंल.
मी म्हणालो, आणि तुला?
ती म्हणाली, खोली अकरा महिन्यांसाठी घेतलीय. शनिवारी येत जाईन एसटीनं. तुमी नका इतक्या लांब हेलपाटे घालू.
पोह्यांत शेंगदाणे मला आवडतात म्हणून जास्त घातले होते. ते खाल्ले. घरी चल असं म्हणायचं होतं, वाटेत पाठही केलं होतं. साखरेचा डबा कुठं ठेवलाय, एवढंच विचारलं.
निघताना ती आणि सुकन्या मॅडम फाटकापर्यंत आल्या. राजेश्वरी म्हणाली, धक्का मारू का? चेष्टेनं म्हणाली. आज सुरू होऊ नये असं पहिल्यांदाच वाटलं. बटण अगदी हळूच दाबलं.
लगेच सुरू झाली.