धावड्याची काठी भाजताना

बाबा, परवा मुलींसमोर माझी काठी मोडली. आपल्या जंगलपट्टीतल्या गोरेगावजवळच्या एका निसर्ग शिबिरात मी शाळेतल्या मुलींना शिकवते. जंगलात वाट चुकली, हाताशी लोखंड नसलं, तर कसं तगायचं. धावड्याची ओली काठी तासली, टोक निखाऱ्यांवर फिरवलं आणि कंद खणायला जमिनीत खुपसली. टोक उभं चिरलं. एक मुलगी म्हणाली, "म्याडम, याच्यापेक्षा माहा पेन मजबूत हाये!" सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येताना वाटभर तेच मनात घोळत राहिलं. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुमचा धड एक फोटोही घरात नाही. तुमच्याकडून माझ्या हातात आलेलं एवढंच एक काम, तेही मी विसरले असेन, तर तुमचं माझ्यापाशी उरलं काय?

मग आठवत बसले. मी तिसरीत, तुम्ही वनमजूर. इटियाडोह धरणाच्या वरच्या जंगलात तुमची सब्बल, ती लोखंडी पहार, दगडांच्या फटीत वाकते. मी एका सरळ, हिरव्या फांदीला लोंबकळते, हीच तोडा म्हणून. तुम्ही माझा हात सोडवता. "ते पाणी पेऊन राहिली अजून. तिले कायले तरास?" मग एक उभी वाळलेली फांदी शोधता, दगडावर आपटून तिचा आवाज ऐकता. टोक निखाऱ्यांच्या थोडं वर धरून फिरवत राहता. काळं झालं तर मजबूत होईल असं वाटून मी ते आत ढकलते, तर ओरडता, "भाजाची हाये, जाळाची नाही!" टोक भाकरीसारखं तांबूस होतं, तेव्हा कुठे बाहेर काढता.

म्हणजे चूक ओल्या लाकडात होती. काल परसात वाळकी काठी घेऊन बसले. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "कालेज शिकून लाकडंच भाजून राहिली काऊन?" मी मोडल्याचं सांगितलं, तर सूप खाली ठेवून हसायलाच लागली. "तुह्या बापाच्या का कमी मोडल्या? मोठा घाईचा माणूस. मोडली का म्हणे, लाकूडच बेकार!" तुमच्याविषयी तिला इतकं हसून बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. मग स्वतःच उठली, चुलीतली गरम राख ओढून काठीचं टोक तिच्यात पुरलं, म्हणाली, "आता गप बस." आम्ही दोघी बसलो. तुमच्याबद्दल बोलत बसलो.

आज त्या काठीने मुलींनी कंद काढला. टोक जरा बोथटलं, चिरलं नाही. पेनवालीने विचारलं, कोणी शिकवलं? मी म्हणाले, माझ्या बाबांनी. राखेत पुरायची युक्ती आईची आहे, हे मला ठाऊक होतं. आणि ती हिरवी फांदी, ते तुमचं बोलणं, त्यातलं किती खरंच घडलं आणि किती मी तुमच्या नावावर घातलं, ते मला आता सांगता येत नाही, बाबा.