ओली केलेली दोरी

४ नोव्हेंबर, मिकी, जपान
सकाळी पोहोचले. कार्यशाळा बघताक्षणी आवडली: उत्तरेचा उजेड, कोरडी हवा, भिंतीवर दोनशे बारा जुनी हत्यारं. सगळ्यांची नोंद करायची, गंज थांबवायचा. मालक कुराता, वय एक्क्याऐंशी, देवळं बांधणारे सुतार. डाव्या हाताची तर्जनी नाही. मी पाहतेय हे कळताच म्हणाले, ते बोट चहाला गेलंय, पोरी, अजून परतलं नाही. मी इंजिनिअर आहे, असं सांगितलं. मग इंजिनिअर पोरी, चहा टाक, म्हणाले.

५ नोव्हेंबर
त्यांनी करवत चालवून दाखवली. फळी तळपायाखाली दाबायची, करवत आपल्याकडे ओढायची. कापते ती ओढताना, म्हणून भुसा ओढणाऱ्याच्या बाजूला पडतो. त्यांच्या रंध्याची ढलपी मोजली: नऊ मायक्रॉन. दहाला चहा, तीनला चहा. त्यांचे आजोबा तोकुजिरो यांच्यापासून ही वेळ चुकलेली नाही म्हणे.

एकाच वस्तूला हात लावायचा नाही: आजोबांचं शाईचं भांडं. त्यातली दोरी शाईत भिजवून लाकडावर सूत मारतात, म्हणजे कापायची सरळ रेघ उमटवतात. सुतार गेला की त्याची दोरी कोरडी गुंडाळतात, पुन्हा ओली करत नाहीत. कारण विचारलं. सूत मारलं की कापावं लागतं, एवढंच म्हणाले.

८ नोव्हेंबर
कुराता दाढ काढायला गेले होते. दोरी रेशमाची की कापसाची, हे रेघेवरून कळलं असतं. भिजवली. टाकाऊ फळीवर एकदाच मारली. रुंदी ०.३ मिमी. पुसून जागेवर ठेवली. नोंदीत लिहिलं नाही.

९ नोव्हेंबर
तीनच्या चहानंतर माझ्या स्टुलावर काळी रेघ. ०.३ मिमी.

१० नोव्हेंबर
दहाचा चहा घेऊन परतले. स्टूल रेघेवर कापलेलं. काप आरशासारखा. भिंतीवरच्या करवती मोजल्या, सगळ्या जागेवर. तीनला माझ्या छत्रीच्या दांड्यावर रेघ.

११ नोव्हेंबर
दहाला छत्रीचे दोन तुकडे. कुरातांना खरं सांगितलं. ते हसले नाहीत. आजोबा गेल्यावर, एकोणिसाव्या वर्षी त्यांनीही ती दोरी भिजवली होती. आधी वस्तूंवर, मग बोटावर रेघ आली. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत त्यांनी स्वतःच बोटावर पटाशी घातली. आजोबांच्या हाती दिलं असतं, तर ते बोटावर थांबले नसते. रेघ पुसता येत नाही का, विचारलं. म्हाताऱ्याचं सूत पुसतेस, तेही त्याच्या देखत? असं म्हणून त्यांनी मान खाली घातली.
एक चाळीसची गाडी पकडली.
तीन वाजता गाडीतच — डाव्या मनगटाभोवती. पूर्ण वर्तुळ.

१२ नोव्हेंबर, ओसाका, माझी खोली
साबण, अल्कोहोल, ॲसिटोन. जात नाही.
कुरातांचा फोन. पटाशी आहे का जवळ, विचारत होते. रडत होते. पण हे बोट नाही. मनगट आहे. मी फोन ठेवला.

९.४०. दाराला कडी. घरात करवत नाही. सुऱ्याही बाहेर टाकल्या.

९.५८. डावा हात मेजावर. उचलत नाही. वरून दाब — गार, रुंद, तळपायासारखा —

१०.००. मेजाच्या कडेपासून आवाज. ओढ. थांब. ओढ —

भुसा माझ्या मांडीवर पडतोय. म्हणजे तो समोर नाही, माझ्या बाजू—