वरची पट्टी

कोल्हापूर
दि. ४ जून २०२४

चि. प्रसेनजीत यास,
उत्पलाआत्याचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

गुडघे सोडले तर इकडे सगळं ठीक. समाजाच्या अभ्यासासाठी देशभर झालेल्या पाहण्या एका ठिकाणी जपणारी राष्ट्रीय सेवा उभी राहणार आहे आणि तिचा आराखडा करणाऱ्या समितीच्या कार्यालयात तुला घेतलं आहे, हे तुझ्या पत्रातून कळलं. पहिल्यांदा हसू आलं. स्वतःची पाटी कुठे ठेवली हे ज्याला कधी सांगता आलं नाही, तो आता देशाची माहिती सांभाळणार! मग हसू आवरलं, कारण माझं तुझ्याकडे काम निघालं.

शाहूपुरीतल्या ज्या अभ्यास केंद्रात मी एकतीस वर्षं नोकरी केली, तिथे चार लोखंडी कपाटं आहेत. १९८८ साली गडमुडशिंगीपासून मलकापूरपर्यंत सहाशे बारा घरांत जाऊन आम्ही तिथल्या बायकांना प्रश्न विचारले. २००३ साली त्याच घरांत पुन्हा गेलो. एकूण बाराशे चोवीस फॉर्म. छापील अहवालात फक्त टक्के आले. बायका काय बोलल्या ते त्या कपाटांत आहे. शेवटचा प्रश्न होता, घरात काय बदललं. उत्तर बाईच्या तोंडून येईल तसंच लिहायचं, हा माझा हट्ट. नावांची नोंदवही खालच्या कप्प्यात होती, ती २०१९ च्या पुरात गेली. फॉर्म वर होते म्हणून राहिले.

आता केंद्राचे नवे सचिव धैर्यशील यांना ती खोली स्पर्धा परीक्षेच्या क्लासला द्यायची आहे. दिवाळीच्या आत कपाटं हलली नाहीत तर रद्दीवाल्याला बोलावणार, असं त्यांनी मला चहा पाजून सांगितलं. हे कागद आता वाचतं कोण, असंही विचारलं. मी म्हटलं, तुम्ही वाचत नाही हे दिसतंच आहे.

गडमुडशिंगीच्या मीनाबाईंनी १९८८ साली मला विचारलं होतं की माझं बोलणं लिहून घेतलंस, हा कागद जाणार कुठं. मी सांगितलं, जपून ठेवीन, कधीही या, तुमचा कागद काढून दाखवीन. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी त्यांनी तो हातात घेऊन पाहिला आणि मगच परत दिला. अशी सहाशे बारा वचनं माझ्या गळ्यात आहेत. तुझ्या सेवेत या कागदांना जागा कर.

लोभ आहे म्हणूनच एवढं रागावून लिहिते.

तुझी,
उत्पलाआत्या


नवी दिल्ली
दि. २८ जून २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्र मिळालं. पाटी हरवल्याचा आरोप मान्य, पण ती तूच लपवून ठेवायचीस असं बाबा सांगत.

तुझी कपाटं मी समितीपुढे मांडली. सेवा अजून कागदावरच आहे. जागा ठरलेली नाही, मंजुरी यायची आहे. पण आराखड्यात जुन्या पाहण्यांसाठी एक लहानसा प्रयोग धरला आहे आणि त्यात तुमच्या केंद्राचं नाव आलं आहे. त्याच घरांत पंधरा वर्षांनी पुन्हा जाऊन केलेली पाहणी आपल्याकडे दुर्मीळ आहे, म्हणून समितीच्या अध्यक्षबाईंनी ते नाव स्वतःच्या हाताने लिहिलं.

अट एकच. उत्तर देणारी बाई कोण होती हे कुणालाही कळता कामा नये. नाव, गाव, आळी असलेला भाग फॉर्मवरून काढल्याशिवाय कागद घेता येणार नाहीत. नियमांची दोन पानं सोबत जोडली आहेत. इंग्रजी तुझ्यासारखं कॉन्व्हेंटचं नाही, सरकारी आहे, सांभाळून घे. दहा फॉर्म नमुन्याला पाठव. घाई नाही.

गुडघ्यांना तेल लाव. माझ्यावरची माया अशीच ओरडत राहू दे.

तुझा,
प्रसेनजीत


कोल्हापूर
दि. १९ ऑगस्ट २०२४

चि. प्रसेनजीत यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

काम झालं. घाई नाही असं तू लिहिलं होतंस, पण दिवाळीला घाई आहे.

आमच्या फॉर्मची मांडणी माझीच. ओळख पटवणारं सगळं पहिल्या पानाच्या माथ्यावर एका पट्टीत घेतलं होतं, म्हणजे शोधाशोध नको. तेव्हा केंद्राच्या प्रोफेसरांनी माझं कौतुक केलं होतं. छत्तीस वर्षांनी त्याचा उपयोग झाला. पट्टी ठेवायची, ब्लेड फिरवायचं, की वरचे दोन इंच सुटे. केंद्रातून निवृत्त झालेल्या शिपाई धोंडुबाई मदतीला आल्या. त्या फॉर्म धरत, मी कापत असे. सतरा दिवस लागले. गठ्ठे गावाप्रमाणे बांधून ठेवले आहेत.

कापलेल्या पट्ट्यांचं काय करायचं हे तुझ्या नियमांत नाही. मी ठरवलं. सहाशे बारा बायकांची नावं रद्दीवाल्याच्या हाती पडून भज्यांच्या पुड्या व्हायला नकोत. शाळेतली आमची सिस्टर म्हणायची, गुपित ठेवायचं तर पूर्ण ठेवा, अर्धं ठेवणं म्हणजे चुगलीच. रोज सकाळी एक गठ्ठा बंबात घातला. अकरा दिवस त्या पाण्याने अंघोळ केली. धोंडुबाई म्हणाल्या, बाई, कागदाचं पाणी लई लवकर तापतंय.

दहा फॉर्म स्पीड पोस्टाने आजच रवाना केले. जपून उघड, कागद पापडासारखा झाला आहे.

पत्राची वाट पाहायला लावू नकोस, एवढीच माया पुरे.

तुझी,
उत्पलाआत्या


नवी दिल्ली
दि. ९ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फॉर्म मिळाले. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं सगळ्या कार्यालयाने वाचली. एका मुलीने तर दोन स्वतःच्या वहीत उतरवून घेतली.

आता एक विचारतो, रागावू नकोस. १९८८ चा कुठला फॉर्म आणि २००३ चा कुठला फॉर्म एकाच घराचे, हे कशावरून ओळखायचं? घराला क्रमांक दिला असणारच. तो मला कुठेच सापडला नाही. त्या क्रमांकावरून कुणाची ओळख पटत नाही, तेव्हा तो ठेवायला हरकत नव्हती. तोही वरच्या पट्टीतच होता का? सगळ्या पट्ट्या जाळल्या नसशील, निदान थोड्या उरल्या असतील, अशी आशा आहे.

काय ते लवकर कळव. लोभ आहे तसाच राहो.

तुझा,
प्रसेनजीत


कोल्हापूर
दि. १७ सप्टेंबर २०२४

चि. प्रसेनजीत,
आशीर्वाद.

क्रमांक पट्टीतच होता. दुसरीकडे कुठेही नव्हता. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की चुका होतात, असं २००३ च्या पाहणीला घेतलेल्या पोरांना मीच शिकवलं होतं.

एकही पट्टी उरली नाही. तुझं पत्र वाचून मी बंबाची राख चाळली. धोंडुबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

दोन दिवस हस्ताक्षरं जुळवत बसले. १९८८ चं सगळं माझ्या हातचं, २००३ चं पोरांच्या. तरी वय, मुलं, म्हशी पाहून घरं जुळवू गेले. पंधरा वर्षांत म्हैस मरते, मुलगी सासरी जाते, बाईचं वय तर कुणीच खरं सांगत नाही. एकोणीस घरं जुळली, त्यांतल्या पाचांची मला खात्री नाही. बाकीचे पाचशे त्र्याण्णव फॉर्म एका बाजूला आणि पाचशे त्र्याण्णव दुसऱ्या बाजूला, एकमेकांना न ओळखणारे.

तुझ्या नियमांना दोष देण्याचा मी प्रयत्न करून पाहिला. चार ओळी लिहिल्याही होत्या. त्या फाडल्या.

अध्यक्षबाईंना खरं काय ते सांग. लपवू नकोस.

उत्पलाआत्या


नवी दिल्ली
दि. २ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पत्राला उशीर झाला, क्षमा कर. लिहिण्यासारखी बातमी यावी म्हणून थांबलो होतो. आली, पण वेगळीच.

आराखडा मंजुरीहून परत आला. सेवा होईल, पण पहिल्या टप्प्यात फक्त संगणकावर तयार झालेल्या पाहण्या घेतल्या जातील. कागदाचा भाग पुढच्या टप्प्यावर ढकलला आहे आणि पुढचा टप्पा केव्हा, हे कुठेच लिहिलेलं नाही. अध्यक्षबाई भांडल्या. गेल्या आठवड्यात त्यांचीही मुदत संपली.

म्हणजे आत्या, क्रमांक असते तरी तुझे कागद आत्ता घेतले गेले नसते. तू स्वतःला त्रास करून घेतेस म्हणून मुद्दाम लिहितो. तुझ्या चुकीमुळे काही बिघडलं नाही, असं समज आणि नीट जेव.

कपाटांचं काय झालं? माझ्यावर राग धर, पण पत्र बंद करू नकोस.

तुझा,
प्रसेनजीत


कोल्हापूर
दि. २२ जानेवारी २०२५

चि. प्रसेनजीत यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

समजूत घालायला तू अजून शिकायला हवास. माझं घर जळालं हे ऐकून, तसंही ते पुरात जाणारच होतं, असं कुणी सांगतं का?

कपाटं भंगारात गेली. गठ्ठे धोंडुबाईंनी आणि मी रिक्षाने तीन खेपा करून माझ्या घरी आणले. पलंगाखाली आहेत, स्वयंपाकघरात आहेत, आप्पाआजोबांच्या तसबिरीखाली आहेत. वाळवीसाठी डांबराच्या गोळ्या टाकल्यामुळे भातालाही तो वास येतो.

गेल्या रविवारी एक मुलगी विचारत विचारत घरी आली. साक्षी, गडमुडशिंगीची, एमएला आहे. आधी केंद्रात गेली होती, तिथल्या क्लासवाल्यांनी इकडे पाठवलं. मीनाबाईंची नात. मीनाबाई डिसेंबरात गेल्या. आज्जीचा एकही फोटो धड नाही, म्हणाली. पण ती सारखी सांगायची की माझं बोलणं शाहूपुरीत लिवून ठेवलंय, एक बाई हाय, कधीबी जावा, ती काढून दावंल.

प्रसेनजीत, छत्तीस वर्षांत या कागदांसाठी माझ्या दारात आलेलं हे पहिलं माणूस.

गडमुडशिंगीचा १९८८ चा गठ्ठा सोडला. चौऱ्याण्णव फॉर्म. साक्षीने खुणा सांगितल्या. आजोबा फाउंड्रीत, तीन मुलं, एक म्हैस, जमीन नाही. खाली बसून दोघींनी सगळे पाहिले. या खुणांचे तीन फॉर्म निघाले. तिन्हींवर माझंच अक्षर, तिन्हींचा माथा कापलेला. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं मी तिला वाचून दाखवली. एकात होतं, नळ आलाय, पर आमच्या आळीला पाणी न्हाय. दुसऱ्यात, लेक साळंत जाती आन् मला वाचून दावती. तिसऱ्यात, काय बदललं न्हाय, तसंच लिवा, काय बदललं न्हाय.

तिने विचारलं, ह्यातली आज्जी कुठली? मी म्हटलं, मला सांगता येत नाही. का नाही, तेही सांगितलं. पट्टी, ब्लेड, बंब, सगळं. तुझी आजी कुणाला ओळखू येऊ नये म्हणून मी हे केलं, असं म्हणाले.

पोरगी चिडली नाही. तिन्ही कागद तिने पुन्हा वाचले, कडा जुळवून एकावर एक ठेवले आणि विचारलं, “मग आज्जीचं तुमी जपलं काय?”

मी चहा टाकायला उठले. चहा झाला तेव्हा तिने गठ्ठा जसा होता तसा बांधून ठेवला होता, माझ्यापेक्षा नीट. फोटो घेतेस का म्हटलं. म्हणाली, नको, दुसऱ्याच कुणाची आज्जी असली तर? चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि पाया पडून गेली.

तुमचा आराखडा पुन्हा कधी टेबलावर आला तर साक्षीचा प्रश्न तिथे वाचून दाखव. कुणाला उत्तर आलं तर मला कळव, मी ते तिला गडमुडशिंगीला नेऊन देईन.

लोभ असू दे. आणि हे पत्र कुठे जपून ठेवलंस, तर वरची पट्टी कापू नकोस.

तुझी,
उत्पलाआत्या