गॉल्जीतला सुपरवायझर

३ जानेवारी
लेकीला विज्ञान प्रदर्शनात पेशीतल्या गॉल्जीचं मॉडेल मांडायचंय. बारा तारखेला. पहिला नंबर आला तर विज्ञान शिबिर. पुस्तक चाळलं. प्रोटीन तयार होतं, गॉल्जीत येतं, तिथून ज्याच्या त्याच्या जागी रवाना. अहो, हे तर आमचं पार्सल सॉर्टिंग! बावीस वर्षं मी दुसरं केलंय काय? मॉडेल मीच करणार. रोज दोन तास.

६ जानेवारी
दोन दिवस विचार केला. तेही कामच. लेक म्हणते, प्रोटीनवर खूण असते, कुणावर साखरेची, कुणाची अंगचीच. त्यावरून कुठे जायचं ते ठरतं. नवख्यांना लागतात खुणा! मी नुसत्या वजनावरून सांगतो. आणि गॉल्जीत म्हणे सुपरवायझरच नसतो. असं खातं चालेल कसं? एक बसवतोय. माझ्यासारखाच चष्मेवाला.

९ जानेवारी
थर्माकोलचे पाच मजले, मण्यांची प्रोटीनं. लेकीने मण्यांना खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्या मी काढून टाकल्या, गचाळ दिसत होत्या. सुपरवायझर देखणा झालाय. लेक म्हणाली, बाबा, तो काढा. बायको म्हणाली, काढा. मॅनेजमेंट कळायला जन्म जातो.

१० जानेवारी, सकाळी ७
लेक मॉडेल मांडीवर घेऊन बसने जाणार होती. बाप पार्सल खात्यात असताना? आमच्याच डेपोतून शाळेत पाठवलं. खोक्यावर माझं नाव, हुद्दा, घरचा पत्ता, ठळक. कुठे जायचंय ते काउंटरवाल्याला तोंडी सांगितलं. माझ्याच हाताखाली तयार झालाय.

११ जानेवारी
शाळेत पोचलं नाही. काउंटरवाला रजेवर. काळजीचं कारण नाही.

१२ जानेवारी, सकाळी ९
लेक रिकाम्या हाताने गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी ४
पार्सल आलं. घरी. डिलिव्हरीवाला म्हणाला, साहेब, इतका स्वच्छ पत्ता हल्ली कोण लिहितं!

संध्याकाळी ६
लेकीने फळ्यावर खडूने गॉल्जी काढून समजावलं. दुसरा नंबर. शिबिर हुकलं. खोक्याकडे बघून म्हणाली, गॉल्जीतही असंच होतं बाबा, ज्या प्रोटीनवर घराची खूण असते ते परत घरी पाठवतात.

खोकं उघडलं. एक मणी हललेला नाही. पॅकिंग उत्तमच होतं. सुपरवायझर मी स्वतः उपटला आणि लेकीला नेऊन दाखवला. म्हणाली, आता काढून काय उपयोग?

खरंय. फार वाईट वाटलं.