पट्टीखालची चार अक्षरं

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज परत एक आला! काळी एसयूव्ही, साधं डिझेल मॉडेल, आणि मागे लावायची होती सगळ्यात जोरात पळणाऱ्या मॉडेलची अक्षरं. ऑनलाइन मागवून खिशातच घेऊन आला होता. म्हटलं, आहेत ती काढून देतो, ही लावून देणार नाही. "काका, तुम्हाला काय फरक पडतो?" पडतो. गाडीच्या पाठीवरचं नाव तिच्या इंजिनाने कमवायचं असतं. बावीस वर्षं मुलुंडच्या या गाळ्यात शेकडो गाड्यांची नावं उतरवली, एकीवरही खोटं चढवलं नाही. तोंड वाकडं करून गेला. जाऊ दे.

अक्षरं कापून काढायचा तंगूस, नायलॉनचा दोरा, संपत आलाय. आणायला हवा.

५ नोव्हेंबर, बुधवार

विपुलचा फोन! वर्षभराने! "प्रबुद्धा, म्हातारी पाठवतोय तुझ्याकडे. नीट बघ तिला."

म्हातारी म्हणजे त्याची जुनी चंदेरी सिटी कार. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्याला क्लच दाबवत नाही, आता त्याची मुलगी नमिता चालवते. तिला मागचं सगळं काढून कोरी पाठ हवीय. हल्ली हीच फॅशन. आमच्या वेळी अक्षरासाठी जीव टाकायचो आणि आता पोरं ती उतरवून घ्यायला रांग लावतात. माझं पोट त्यावरच चालतंय म्हणा!

फोन ठेवल्यावर उगाच हसू येत राहिलं. विपुल वेसाव्याचा कोळी, पॉलिटेक्निकमध्ये माझ्या बाकावरचा. अक्षर गरम करायचं, त्याच्यामागे मासेमारीचा तंगूस घालून करवतीसारखा ओढायचा, म्हणजे चिकटपट्टी कापली जाते आणि रंगाला ओरखडा येत नाही, ही युक्ती त्याचीच. गाळा उघडला तेव्हा पहिलं रीळ त्याने आणून दिलं होतं. माशाचा वास मारत होतं. मला तो वास अजून आवडतो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर आरेचा रस्ता डोळ्यांसमोर.

डिसेंबर २००३, रविवारची पहाट, माझी आणि विपुलची शर्यत. मी तेवीस वर्षांचा. माझी सिटी तिसऱ्या हातची, १.३ लिटरचं साधं इंजिन, भंगारातून उचललेली. इंजिन स्वतः खोललं, स्वतः घासलं, आठ महिने खपलो. विपुलचीही १.३च. त्याच्या वडिलांच्या, चंदूशेठच्या, दोन बोटी होत्या. त्यांनी गाडी दिली ती एका अटीवर, पळवायचं मॉडेल घ्यायचं नाही. विपुल मला बोनेट कधी उघडू द्यायचा नाही. "तू दुश्मन आहेस ना, तुला कशाला दाखवू?" वेग चढला की त्याच्या गाडीचा आवाज एकदम पालटायचा. विचारलं तर म्हणायचा, सायलेन्सर फाटलाय.

त्या शर्यतीवर माझं सगळं होतं. परीक्षा पास होऊन सरकारी क्लार्कची ऑर्डर घरात आली होती. बाबांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवली होती. बुलढाण्याहून आलेला माणूस, दिवसा शिपाई, संध्याकाळी कॉलेज. दारावर पितळी पाटी: भाऊराव तायडे, बी. ए. त्यांच्या पोराने हात काळे करायचे? घरात कडाक्याचं भांडण झालं. मी ओरडलो, "रविवारी विपुलशी शर्यत आहे. हरलो तर सोमवारी मुकाट रुजू होतो. जिंकलो तर गॅरेज!" बाबांनी पेपरची घडी घातली. 

आरेतली म्हशींच्या तबेल्यांची वस्ती मागे पडली आणि शेवटच्या चढाला विपुल माझ्या बरोबरीला आला. मला वाटलं, संपलं. मग तो मागे पडला. पडतच गेला. वर थांबलो तर हा धापा टाकत म्हणतो, "क्लच गेला रे! पण तू जिंकलास. एक नंबर!" मी रस्त्यात बसून रडलो. सारखं इंजिन, सारखी गाडी, फक्त हातांचा फरक! त्या एका वाक्यावर मी हा गाळा टाकला.

बाबा वर्षभर बोलले नाहीत. मग एका शनिवारी पांढराशुभ्र शर्ट घालून आले, स्टुलावर बसले. नंतर दर शनिवारी यायचे. गाड्यांच्या पाठी वाचायचे. "याचा अर्थ काय?" "सोळा व्हॉल्व्ह, बाबा." "म्हणजे डिग्रीच की!" हसलो होतो दोघं. पण शाबास म्हणाले नाहीत. २०१९ला गेले, तोवर नाही. हे मी कोणाला बोललो नाही, इथे लिहितो. बाप एवढा कसा कडक असतो?

८ नोव्हेंबर, शनिवार

नमिता गाडी ठेवून गेली. बापासारखीच बोलते, तोफ! "काका, सगळं उडवा. नाव नको, गाव नको."

म्हातारीला हात लावला आणि बरं वाटलं. बाकीची अक्षरं पटापट आली. राहिली ती १.३ लिहिलेली लांबट पट्टी. ही कंपनीची नाही, हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. कडा हाताने कापलेल्या. तंगूस घातला, ओढला. पट्टी सुटली.

खाली जुन्या चिकटपट्टीचा काळा गोंद. कोणीतरी आधीची अक्षरं ब्लेडने घाईत उपटली होती आणि गोंद न पुसता वर ही पट्टी ठोकली होती. धंद्यातला माणूस असं कधी करणार नाही. गोंद जसाच्या तसा राहिला होता. चार अक्षरं. वाचायला चष्मासुद्धा लागला नाही.

व्ही. टी. ई. सी.

व्हीटेक! तीच गाडी, पण आतलं इंजिन वेगळ्याच जातीचं. आमच्या वेळी ही अक्षरं रस्त्यात दिसली की आम्ही आपली गाडी बाजूला घ्यायचो. बोनेट उघडलं. बावीस वर्षांनी उघडलं! इंजिनावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

पट्टी वडिलांच्या धाकाने लावली असेल, ते कळतं. पण चढाला काय झालं? माझी १.३ व्हीटेकला त्या चढावर कधीच मारू शकली नसती. मी कितीही घासली असती तरी नाही. म्हणजे क्लच गेलाच नव्हता. म्हणजे त्याने मला जिंकू दिलं. कीव केली माझी! आणि मी त्या काळ्या एसयूव्हीवाल्याला खोट्या नावावर भाषण देतो!

स्टूल लाथेने उडवलं. मग उचलून जागेवर ठेवलं. ते बाबांचं आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

गाळा बंद, तरी जाऊन बसलो. गोंद पुसला नाही. विपुलला फोन केला नाही. माझी पाठ कोणी कोरी केली तर खाली काय निघेल, तेच डोक्यात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

विपुल स्वतः आला, नमिताच्या खांद्यावर हात ठेवून. मागची चार अक्षरं बघितली आणि त्यांवरून बोट फिरवलं.

"क्लच गेला होता?"

"नाही रे."

"कीव आली माझी?"

"कीव? येडा आहेस का तू! मी तुझी वाट लावणार होतो त्या दिवशी. आदल्या दिवशी काका, तुझे बाबा, आले वेसाव्याला. तीन बस बदलून. आईने मासे वाढते म्हटलं तर बसले पण नाहीत. म्हणाले, विपुल, मला गाड्यांतलं कळत नाही. पण उद्या माझा पोरगा जिंकला पाहिजे. मी नोकरीचा हट्ट धरलाय, आता मला मागे फिरता येत नाही. आणि हे त्याला कधी सांगायचं नाही. शपथ घातली यार, काय करू?"

विपुलला बसायला स्टूल दिलं. तंगूसचं नवं रीळ आणलं होतं त्याने.

बाबा, तुम्ही तीन बस बदलून गेला होतात! आणि मी म्हणत बसलो, शाबास म्हटलं नाही.