थोरल्या साडूलाही नोटीस मिळणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
शिस्तपालन समिती,
पक्षाचे मुख्य कार्यालय,
दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

अर्जदार: सभाव्यवस्था प्रमुख, वॉर्ड समिती (सलग एकतीस वर्षे). व्यवसाय: चष्म्याचे दुकान.

दिनांक: निकाल लागल्यापासून विसावा दिवस.

विषय: पक्षनेतृत्वावर जाहीर टीका केल्याबद्दल अर्जदारास ‘कारणे दाखवा’ नोटीस देण्याबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे वर्तमानपत्रातील निवेदन, निकालानंतरचा तिसरा दिवस.
२) आपल्या समितीने अर्जदाराच्या साडूंना दिलेली नोटीस, निकालानंतरचा नववा दिवस.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून खालील बाबी आपल्या निदर्शनास आणून देत आहे. अर्ज थोडा लांबला आहे, पण एकतीस वर्षांत हा माझा पहिलाच अर्ज आहे, हे लक्षात घेऊन शेवटपर्यंत वाचावा.

१. निवडणुकीत आपला पक्ष हरला. त्यानंतरच्या वीस दिवसांत पक्षाध्यक्षांवर, म्हणजे आपल्या सर्वांच्या साहेबांवर, पाच जणांनी जाहीर टीका केली: पडलेले दोन उमेदवार, महिला आघाडीच्या प्रमुख, एक माजी प्रवक्ते आणि माझे साडू. पाचही जणांना आपल्या समितीची नोटीस घरपोच मिळाली. टीका करणारा सहावा माणूस मी आहे. खरे तर पहिला मीच. बाकीचे पाच माझ्या मागून आले. मला मात्र आजतागायत साधी विचारणाही झालेली नाही. पोस्टमनला मी रोज विचारतो. तो हल्ली माझ्या दुकानासमोरून सायकल जोरात मारतो.

२. साडूंविषयी थोडे सांगणे भाग आहे. ते माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. लोखंडी कपाटे विकतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांना पक्षात मी आणले, त्यांच्या सभासद अर्जावर सूचक म्हणून सही माझी आहे. पहिल्या सभेत ते माइक आइस्क्रीमच्या कांडीसारखा तोंडाजवळ धरून उभे होते. तो चार बोटे लांब धरायचा असतो, हे मीच त्यांना शिकवले. याचा पश्चात्ताप पुढे कलम ६ मध्ये येईल.

३. माझ्या टीकेला कारण होते, हे प्रथम नोंदवतो. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या वॉर्डात साहेबांची सभा ठरली होती. वेळ दुपारी चारची. चारशे खुर्च्या मी स्वतः उभे राहून मांडून घेतल्या, एका ओळीत एकही वाकडी नाही. साडेपाच वाजले तरी माणसे बसून होती. सहाच्या सुमारास साहेबांची गाडी मैदानाच्या कडेने गेली. काचा वर होत्या. गाडी थांबली नाही. लोक विचारू लागले, “अहो, ती साहेबांचीच ना?” मी म्हटले, “छे हो, तसलीच दुसरी.” पक्षासाठी मी मारलेली ही पहिली थाप नव्हे, पण लाज वाटली अशी पहिलीच. आमचा उमेदवार दोनशे अकरा मतांनी पडला. तेवढी माणसे तर त्या मैदानातून नुसती उठून गेली होती.

४. म्हणून निकालानंतर तिसऱ्याच दिवशी, कुणीही तोंड उघडण्याआधी, मी वर्तमानपत्राला निवेदन दिले. शब्द निवडण्यात दोन दिवस घातले. बोलायचे तर सडेतोड, पण सभ्यपणे. मूळ वाक्य असे होते: “निवडणुकीच्या काळात साहेबांचे दर्शन दुर्मिळ झाले.” निवेदन देताना ‘दर्शन’ हा शब्द मला खटकला. टीकाही करायची आणि दर्शनही म्हणायचे, हे लाळघोटेपणाचे वाटले. मी तो शब्द खोडला आणि वाक्य नीट केले: “निवडणुकीच्या काळात साहेब दुर्मिळ झाले.” एवढ्याने घात झाला. दुसऱ्या दिवशी चौथ्या पानावर मथळा आला: “साहेबांसारखे नेते आज दुर्मिळ! निष्ठावंताची भावना.” शेजारी साहेबांचा हसरा फोटो. मी वार्ताहराला फोन केला, तर तो म्हणाला, “काका, तुम्ही एवढं छान बोललात, मी फक्त जरा उठाव दिला.”

५. पुढच्या दोन दिवसांत साहेबांच्या कार्यालयातून मला आभाराचे पत्र आले. “आपल्या सद्भावना आम्हाला बळ देतात.” खाली रबरी शिक्क्याची सही, तीही तिरपी. चष्मे विकणाऱ्या माणसाला शिक्का आणि शाई यांतला फरक कळतो. साडूंच्या नोटिशीवर आपली स्वतःची सही आहे, निळ्या शाईची, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट असलेली. मी ती हातात घेऊन पाहिली आहे, उजेडात धरूनही पाहिली आहे. तिच्यावर बोट फिरवले तर कागदाला उठाव लागतो.

६. सातव्या दिवशी पराभवाची कारणे शोधण्यासाठी चिंतन बैठक झाली. या खेपेस संदिग्ध काही बोलायचे नाही, असे ठरवून मी गेलो होतो. खिशात कागद होता. नाव पुकारले, मी उठलो, माइकपाशी गेलो, “सन्माननीय सभासदहो” म्हटले आणि माइक बंद पडला. सगळे सभागृह एका सुरात ओरडले, “अहो, आवाज येत नाही, बघा जरा!” आता मी सभाव्यवस्था प्रमुख. बोलायला उभा राहिलेला मीच, आणि बघायलाही मीच. व्यासपीठाखाली गुडघ्यांवर बसून वायर तपासली. सांधा सैल झाला होता. दाताने वायर सोलून मी तो जोडला. वर खरखर झाली, आवाज आला, आणि माझ्या डोक्यावरून साडूंचे शब्द ऐकू आले: “साहेब प्रचारात दिसलेच नाहीत! कुठे होते साहेब?” चार बोटे लांब धरला होता माइक. टाळ्यांनी फळ्या हादरल्या, धूळ माझ्या डोळ्यांत गेली. मी बाहेर आलो, तर कुणीतरी पाठ थोपटून म्हणाले, “आवाज अगदी खणखणीत लावलात हं.”

त्या वाक्यात आणि माझ्या वाक्यात अर्थाने काय फरक आहे, हे समितीने तपासावे. मी ‘दुर्मिळ’ म्हटले, ते ‘दिसलेच नाहीत’ म्हणाले. मी भाषा सांभाळली, म्हणून मी निष्ठावंत. त्यांना भाषा येत नाही, म्हणून ते बंडखोर.

७. नवव्या दिवशी त्यांना नोटीस आली. तेव्हापासून त्यांच्या घरासमोर गाड्या उभ्या असतात, दारात चपलांना जागा नसते. मेहुणीने नोटीस लॅमिनेट करून दुकानातल्या सर्वांत मोठ्या कपाटाला चिकटवली आहे. गिऱ्हाईक आधी नोटीस वाचते, मग कप्पे बघते. साडू चालताना हल्ली मान थोडी मागे टाकतात. सासूबाई परवा जेवताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, “धाकट्या जावयांनी बोलून दाखवलं हो. छातीच लागते त्याला.” मग माझ्याकडे बघून, “तुम्हाला भात वाढू का?” मी भात घेतला.

८. तरीही मी धीर सोडला नाही. वॉर्डाच्या व्हॉट्सॲप गटावर मी साहेबांवर उघड टीका करणारा बारा ओळींचा मजकूर टाकला. त्यात ‘दुर्मिळ’ हा शब्द नव्हता. ‘बेफिकीर’ असा स्पष्ट शब्द होता, दोनदा. पहिल्या पाच मिनिटांत काही आले नाही. मग महिला आघाडीच्या एका ताईंनी, लांबलचक मजकुरावर माझे नाव पाहून, न वाचताच लिहिले, “वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!” त्यानंतर एकसष्ट जणांनी शुभेच्छा दिल्या. केकची चित्रे आली. साडूंनी लिहिले, “दादा, शतायुषी व्हा.” माझा वाढदिवस सात महिन्यांनी आहे. शेवटी मला सर्वांचे आभार मानावे लागले.

९. समितीपुढे खोटे सांगू नये, म्हणून या कलमात मोकळेपणाने लिहितो. माझी पत्नी म्हणते, “तुम्हाला साहेबांचा राग आलाय की धाकटीच्या नवऱ्याचा हेवा वाटतोय, ते एकदा ठरवा. दोन्हींसाठी मिळून मी सारखा चहा टाकत बसणार नाही.” मी ठरवले आहे. हेवा वाटतो. साहेबांचा राग आला तो एक दिवस, मैदानावर. हा हेवा मात्र अकरा दिवस झाले, सकाळी माझ्याआधी उठतो. दुकानात गिऱ्हाईकाला अक्षरे वाचायला लावतो, तर मला त्या तक्त्यावर साडूंचे नाव दिसते.

गाड्या, कॅमेरे, टाळ्या यांचे मला काही नाही. माझ्या पोटात दुखते ते नोटिशीतल्या तिसऱ्या ओळीमुळे. आपण लिहिले आहे: “आपल्यासारख्या जबाबदार कार्यकर्त्याकडून ही अपेक्षा नव्हती.” महोदय, याचा अर्थ त्यांच्याकडून काहीतरी अपेक्षा होती. एकतीस वर्षांत माझ्याकडून खुर्च्यांखेरीज कुणी कसली अपेक्षा केल्याचे मला आठवत नाही. ती एक ओळ मला पाहिजे. बाकी नोटीस कोरी पाठवली तरी हरकत नाही.

१०. हा अर्ज आजच करण्यास कारण की, आज सकाळी मुख्य कार्यालयातून कार्यालय चिटणीसांचा फोन आला. फोनवर पक्षाचे नाव दिसले, तेव्हा मी गिऱ्हाईकाचा चष्मा अर्धा बसवलेला तसाच सोडून मागच्या खोलीत गेलो. वाटले, आली. चिटणीस म्हणाले, “साहेब येत्या गुरुवारी चार वाजता तुमच्या साडूंच्या घरी येतायत, त्यांची समजूत काढायला. घर नात्यातलंच आहे, तेव्हा खुर्च्याबिर्च्या, माइक, सगळं तुम्हीच बघा.” मी होय म्हटले. मग राहवले नाही म्हणून विचारले, “साहेबांना कल्पना आहे ना, की मीसुद्धा नाराज आहे?”

ते म्हणाले, “तुम्ही? कधीपासून?”

हे त्यांनी कुत्सितपणे विचारले नाही. खरोखरच विचारले. मी सांगितले, “असू द्या. किती खुर्च्या लागतील?”

तरी माझी समितीस विनंती आहे की:

(अ) अर्जदारास पक्षविरोधी वक्तव्याबद्दल गुरुवारपूर्वी नोटीस देण्यात यावी. पोस्टाने उशीर होत असल्यास मी स्वतः येऊन घेऊन जाईन. खोली जिन्यालगत आहे, मला माहीत आहे, तिथली बाके मीच लावली आहेत.

(आ) नोटिशीवर शिक्का नको, सही हवी.

(इ) नोटीस देणे नियमात बसत नसेल, तर साडूंच्या नोटिशीत दुरुस्तीपत्रक काढून “सदर टीका प्रथम त्यांच्या थोरल्या साडूंनी केली होती” एवढी नोंद घ्यावी.

(ई) नोटिशीला द्यावयाचा माझा खुलासा समितीचा वेळ वाचावा म्हणून आगाऊच जोडला आहे. त्यात बिनशर्त माफी मागितलेली आहे. मी पक्ष सोडणार नाही, दुसऱ्या पक्षाशी माझे बोलणेही चालू नाही, हे साडूंप्रमाणे आढेवेढे न घेता त्यात लिहिले आहे. त्यामुळे माझी समजूत काढण्यास साहेबांचा फार वेळ जाणार नाही.

यांपैकी काहीच शक्य नसल्यास शेवटची एक विनंती. गुरुवारच्या व्यवस्थेत काही कमी पडणार नाही. चाळीस खुर्च्या, दोन माइक, पाणी, सगळे तीनपर्यंत तयार असेल. चार वाजता मी साडूंच्या दारात उभा असेन, डाव्या हाताला, बिल्ला लावून. आपण साहेबांच्या सोबत येणार आहात असे कळते. साहेब गाडीतून उतरले की आपण त्यांच्या कानात फक्त एवढे सांगावे, की हा माणूससुद्धा आपल्यावर रागावला आहे. ते थांबले नाहीत तरी चालेल. आत जाताना त्यांनी एकदा वळून माझ्याकडे बघावे, एवढेच.

आपल्या शिस्तीत आजवर राहिलेला व त्याबद्दल क्षमाप्रार्थी असलेला,

(सही, शाईची)
सभाव्यवस्था प्रमुख

सोबत:
१. वर्तमानपत्राचे कात्रण, मथळ्यावर लाल रेघ मारून.
२. साहेबांचे आभारपत्र (परत करीत आहे).
३. व्हॉट्सॲप गटावरील मजकुराची प्रत, शुभेच्छा वगळून.
४. नोटिशीस द्यावयाचा खुलासा, माफीसह, दोन प्रती.
५. गुरुवारच्या बैठकव्यवस्थेचा आराखडा, मंजुरीसाठी.